हॉलिसवरच्या संशयाची वंशावळ

सर रॉजर हॉलिस १९५६ ते १९६५ या काळात ब्रिटनच्या एमआय-५ या गुप्तचर संस्थेचे महासंचालक होते. सोव्हिएत हेर पकडणे हे ज्यांचे काम, ते स्वतःच सोव्हिएत हेर होते, असा आरोप त्यांच्यावर झाला. त्याचे मूळ शोधायचे तर आपण १९४२ च्या मॉस्कोत जायला हवे. तिथे लष्करी हेरखात्यात इगोर गुझेंको हा तरुण सांकेतिक संदेशांचे काम करत असे. ब्रिटिश प्रतिहेरखात्यात आपला एक माणूस आहे आणि त्याचे टोपणनाव 'एली', असे शेजारच्या मेजावरच्या सहकाऱ्याने त्याला बोलता बोलता सांगितले. एवढेच या आरोपाचे बीज! पुढे ५ सप्टेंबर १९४५ च्या रात्री गुझेंको ओटावाच्या सोव्हिएत वकिलातीतून १०९ कागद शर्टाखाली दडवून बाहेर पडला. प्रथम त्याने एक वृत्तपत्र गाठले, पण तिथे त्याचे कुणी ऐकेना. अखेर कॅनडा सरकारने त्याला आश्रय दिला. त्याच्याशी बोलायला लंडनहून जो अधिकारी आला, तो म्हणजे हॉलिस. आपली भेट फार थोडक्यात उरकली, अशी तक्रार गुझेंकोने पुढे केली आणि संशयाला पहिले खतपाणी मिळाले.

त्यानंतर बरीच वर्षे 'एली' फायलींत पडून राहिला. त्याला जागे केले ते किम फिल्बी या ब्रिटिश हेरखात्यातल्या सोव्हिएत हेराने. जानेवारी १९६३ मध्ये तो बैरूतहून मॉस्कोला पळाला. इतकी वर्षे घरात साप होता हे कळल्यावर प्रत्येक दोरी वळवळताना दिसावी, तशी खात्याची गत झाली. आधी उपमहासंचालक ग्रॅहम मिचेल यांच्यावर पाळत बसली. १९६४ मध्ये एमआय-५ चे अधिकारी पीटर राइट यांच्या अध्यक्षतेखाली 'फ्लुएन्सी' ही समिती नेमली गेली आणि तिचा रोख हॉलिस यांच्याकडे वळला. मग त्यांचे सारे पूर्वायुष्य नव्याने वाचले जाऊ लागले. ऑक्सफर्ड पदवीविना सोडले, तरुणपणी चीनमध्ये तंबाखूच्या कंपनीत नोकरी केली. त्याच काळात शांघायमध्ये रिशार्ट झोर्गे हा सोव्हिएत हेर वावरत होता. एका शहरात राहणे हा गुन्हा ठरत असेल, तर शांघायचे अर्धे युरोपीय रहिवासी पिंजऱ्यात उभे करावे लागतील. निवृत्तीनंतर खुद्द हॉलिस यांना जुन्या खात्याने जबाबासाठी बोलावले. त्यांनी आरोप नाकारला. १९७३ मध्ये ते वारले.

माजी मंत्रिमंडळ सचिव लॉर्ड ट्रेंड यांनी १९७४-७५ मध्ये सारी कागदपत्रे पुन्हा तपासली. हॉलिस हेर नव्हते, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. तो जगाला कळला मात्र २६ मार्च १९८१ रोजी, पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या संसदेतील निवेदनातून. तेही पत्रकार चॅपमन पिंचर यांच्या पुस्तकाने गदारोळ उडवला म्हणून! त्या पुस्तकाला गुपचूप माहिती पुरवली होती राइट यांनीच. निवृत्त होऊन टास्मानियात राहणारे राइट पेन्शनवरून खात्यावर नाराज होते. पुढे १९८७ मध्ये त्यांचे स्वतःचे 'स्पायकॅचर' आले. वाचकाला साक्षीदार दोन दिसत होते, बोलत होते एकाच तोंडाने. ब्रिटिश सरकारने ऑस्ट्रेलियात दावा लावून पुस्तक अडवण्याचा खटाटोप केला. तिथे राइट यांची बाजू माल्कम टर्नबुल या तरुण वकिलाने लढवली आणि जिंकली; पुढे तोच ऑस्ट्रेलियाचा पंतप्रधान झाला. बंदीच्या गाजावाजाने पुस्तकाचा खप भरमसाट वाढला आणि संशय घरोघरी पोहोचला.

केजीबीतून फुटलेला ओलेग गोर्डिएव्स्की १९८५ मध्ये ब्रिटनला आला. हॉलिसवरच्या आरोपांचे मॉस्कोलाही नवलच वाटत होते, असे त्याने सांगितले. माझा कौल त्याच्याच बाजूने आहे. सामान्य वकुबाचा, सावध अधिकारी चुका करतो. त्या सगळ्या एका सुतात ओवल्या की कट दिसू लागतो. ज्याने आयुष्यभर गुप्तता पाळली, त्याला निर्दोषपणाचा पुरावा तरी कुठून आणता येणार? २००९ मध्ये एमआय-५ च्या शताब्दीनिमित्त क्रिस्टोफर अँड्रू यांचा अधिकृत इतिहास प्रसिद्ध झाला. त्यात हॉलिस निर्दोष ठरले आणि 'एली' म्हणून लिओ लाँग याचे नाव पुढे आले. पण लाँग तर लष्करी गुप्तवार्ता विभागात होता, प्रतिहेरखात्यात नव्हे, हा आक्षेप उरलाच. त्याच वर्षी पंच्याण्णवीतल्या पिंचर यांनी आरोपांचा नवा जाडजूड ग्रंथ काढला. २०१४ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी ते गेले, तोवर त्यांनी त्यातला एकही शब्द मागे घेतला नव्हता.