पहिल्या चारशे मीटरचं गणित

ठाणे-कल्याणच्या रेल्वेची गोष्ट सांगायची म्हटलं की सुरुवात तारखांपासून होते. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून 14 डबे आणि सुमारे 400 पाहुणे घेऊन गाडी ठाण्याला पोचली. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं तिला जोडलेली होती. 1 मे 1854 ला गाडी कल्याणपर्यंत धावू लागली, 1865 मध्ये थळ घाट पार झाला. लोखंडी रस्ता किती लांब गेला, याचा हा इतिहास आहे आणि तो खराच आहे. पण डोंबिवली, ठाकुर्ली, कळवा ही गावं रोज मुंबईला जाऊन संध्याकाळी घरी परतणाऱ्यांची कशी झाली, याचं उत्तर त्यात मिळत नाही. त्यासाठी उभ्या गाडीला जागेवरून हलवणारी ओढ किती होती, हे पाहावं लागतं. ठाणे ते कल्याण अंतर जेमतेम 20 किलोमीटर. धिम्या लोकलला मध्ये कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली आणि ठाकुर्ली असे सहा थांबे, म्हणजे सात वेळा शून्यापासून सुरुवात. सरासरी तीन किलोमीटरच्या आत गाडी पळवून पुन्हा थांबवायची असेल, तर कमाल वेगाला फारसा वाव उरत नाही. महत्त्व येतं ते पिकअपला.

अश्वशक्ती आणि पिकअप या दोन गोष्टींची आपल्याकडे सर्रास गल्लत होते. अश्वशक्ती म्हणजे ओढ गुणिले वेग. गाडी उभी असताना वेग शून्य, म्हणून इंजिन कितीही मोठं असलं तरी त्या क्षणी चाकांवरची अश्वशक्ती शून्यच. तिथे कामाला येतो तो टॉर्क, म्हणजे चाकाला फिरवणारा जोर. पेट्रोल आणि डिझेल इंजिनांची अडचण इथेच आहे: ती फिरू लागल्याशिवाय जोर देत नाहीत, आणि फार हळू फिरवली तर बंद पडतात. त्यावरचा एक उपाय म्हणजे जर्मन अभियंता हेर्मान फॉटिंगर याचा टॉर्क कन्व्हर्टर. 1905 मध्ये त्याने त्याचं पेटंट घेतलं, तेही मोटारीसाठी नव्हे, जहाजांसाठी. एक पंखा तेल फेकतो, दुसरा ते झेलतो, आणि मधला स्थिर पंखा त्या तेलाला असं वळवतो की बाहेर पडणारा टॉर्क आत आलेल्या टॉर्कच्या दुपटीच्या आसपास जातो. अमेरिकेतल्या ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे पाव मैलाच्या, 402 मीटरच्या सरळ शर्यतीत, हाय-स्टॉल कन्व्हर्टर बसवतात तो यासाठीच. गाडी जागेवर असतानाच इंजिन जास्त फेऱ्यांपर्यंत, जिथे त्याचा खरा जोर आहे तिथपर्यंत, चढतं. इंजिनाची अश्वशक्ती यात कणभरही वाढत नाही. उलट तेल घसरतं, तापतं आणि थोडी शक्ती वायाच जाते. तरी वेळ कमी लागतो, कारण पहिल्या काही मीटरांत मिळवलेला वेग पुढच्या सगळ्या अंतरात उपयोगी पडतो.

अश्वशक्ती आणि ओढ या वेगळ्या गोष्टी असल्याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा कल्याणच्या रुळांवर शंभर वर्षांपूर्वी आला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचं विद्युतीकरण 1925 मध्ये सुरू झालं. 1929 मध्ये ते पुण्यापर्यंत आणि 1930 मध्ये इगतपुरीपर्यंत पोचलं. या मार्गांवर दोन जातींची इंजिनं धावली. घाटातल्या मालगाड्यांसाठी आलेलं ईएफ-1, ज्याला लोक खेकडा म्हणत, सुमारे 2,600 अश्वशक्तीचं होतं. डेक्कन क्वीन ओढणारं डब्ल्यूसीपी-1 त्याहून कमी, सुमारे 2,160 अश्वशक्तीचं, आणि तरीही पळायला कितीतरी जलद. नांगराचा बैल आणि शर्यतीचा बैल यांतला फरक आपल्या शेतकऱ्यांना सांगावा लागत नाही; खेकड्याचे गिअर ओढीसाठी बेतलेले होते, दुसऱ्याचे धावेसाठी.

लोकलनं हेच तत्त्व माणसांच्या कामी लावलं. ठाकुर्लीला उल्हास नदीकाठी रेल्वेनं स्वतःचं वीजकेंद्र उभारलं, ते चोळा पॉवर हाऊस म्हणून ओळखलं गेलं. तारेतून येणारी 1,500 व्होल्ट डीसी वीज सिरीज मोटरला मिळे. या मोटरचा स्वभावच असा की उभी असताना तिचा टॉर्क सर्वाधिक, वेग वाढेल तसा तो उतरत जातो. कन्व्हर्टर तेलातून जे कमावतो, ते ही मोटर मुळातच घेऊन येते. जोर इतका की त्याला आवरावं लागे: सुरुवातीला विजेच्या वाटेत रोधक घालायचे, मग एकेक करून काढायचे. जुन्या लोकलमध्ये उभं राहिल्यावर सुटताना लागोपाठ बारीक हिसके बसत, ते याचे.

यावर जाणकार म्हणतील, वाफेचं इंजिनही उभ्यानं पूर्ण जोर देतं, मग विजेचं कौतुक कशाला? हरकत बरोबर आहे. पण जोर रुळाला लागला पाहिजे. वाफेच्या गाडीत सगळी ओढ एका टोकाच्या मोजक्या चाकांवर. ती घसरली की सगळं संपलं. बारा डब्यांच्या लोकलमध्ये चार मोटर कोच असतात, म्हणजे 48 पैकी 16 आस ओढतात आणि तेही गाडीभर विखुरलेले. ड्रॅग रेसवाला रुंद टायर लावून जी पकड मिळवतो, ती इथे अशी मिळते. सेकंदाला अर्धा मीटर प्रतिसेकंद या गतीनं वेग टिकून वाढला, तर 400 मीटरला 40 सेकंद लागतात आणि ताशी 72 किलोमीटरचा वेग गाठला जातो. फलाट लवकर मोकळा होतो, मागची गाडी लवकर आत येते.

दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. डोंबिवली-कल्याण वाढलं ते मुंबईतल्या जागांच्या किमतींमुळे, कचेऱ्यांमुळे. शेजारचं उल्हासनगर तर फाळणीनंतरच्या सिंधी निर्वासितांमुळे उभं राहिलं. हे सगळं मान्य. लोकांना मुंबईबाहेर कोणी ढकललं, ते यातून कळतं. पण ते याच रुळांच्या कडेला का स्थिरावले, ते कळत नाही. दर काही मिनिटांनी गाडी येणार आणि प्रत्येक लहान स्टेशनवर थांबूनही वेळेत पोचवणार, हे शक्य झालं म्हणूनच ठाकुर्लीसारख्या ठिकाणी घर घेणं परवडलं. सिग्नल आणि जादा मार्गिकांचा वाटा त्यात मोठा आहे; मात्र सुटायला रेंगाळणाऱ्या गाड्या असत्या, तर त्या मार्गिकाही तुंबल्या असत्या.

मग अश्वशक्ती निरर्थक का? अजिबात नाही. गाडीनं वेग घेतला की ओढीची मर्यादा पकड ठरवत नाही, अश्वशक्ती ठरवते; जलद लोकल आणि मेल गाड्यांना ती हवीच. फक्त तिचा अंमल उशिरा सुरू होतो. कसाऱ्याच्या पुढे हे आजही दिसतं. थळ घाटाचा चढ 37 ला 1. हजार टनांच्या गाडीला तिथे नुसतं जागेवर धरून ठेवायला सुमारे 27 टनांची ओढ लागते. 6,000 अश्वशक्तीची इंजिनं आली, तरी कसाऱ्याला गाड्यांना मागून बँकर इंजिनं जोडावी लागतात. त्या चढावर रुळाला चिकटून ओढणारी चाकं जास्त हवी असतात.