गुऱ्हाळापासून सुरुवात
(कामाच्या जागेतील धोके : एका अभ्यासविषयाची प्रस्तावना)

कामगारांच्या आरोग्याचा आणि सुरक्षिततेचा विषय निघाला की बहुतेकांना पिवळी हेल्मेटे, भिंतीवरची घोषवाक्ये आणि ४ मार्चचा सुरक्षा दिन एवढेच आठवते. तेवढ्यावर कोणी पान उलटले तर त्याला दोष देता येणार नाही. तरी वाचकांनी थोडा धीर धरावा अशी विनंती आहे. माणसाचे शरीर आणि त्याचे काम यांची गाठ नेमकी कुठे पडते, ती कुठे काचते आणि सैल कशी करता येते, हे सांगणारा हा विषय आहे. त्यात यंत्रशास्त्र आहे, वैद्यक आहे, कायदा आहे आणि माणसांच्या सवयींचा बारीक अभ्यासही आहे.

तो शिकण्यासाठी गडहिंग्लजइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही, असे मी थोड्या अभिमानानेच म्हणतो. हिरण्यकेशीच्या काठचे हे बाजारपेठेचे गाव. गूळ आणि मिरची ही इथली जुनी ओळख. हरळीला साखर कारखाना, आजरा-चंदगडच्या वाटेला लागले की काजूप्रक्रियेचे उद्योग. मिरचीच्या ढिगापाशी दिवसभर देठे खुडणाऱ्या बाईचा खोकला, उन्हाळ्यात चटणीच्या हंगामात कांडपावर बसणाऱ्याचे चुरचुरणारे डोळे, काजूच्या टरफलातल्या तेलाने सोललेली बोटे हे सारे एका दिवसाच्या फेरीत पाहता येते. मोठ्या औद्योगिक शहरात हेच शिकायला चार फाटकांवर परवानगी मागावी लागेल.

माझा सल्ला आहे की सुरुवात गुऱ्हाळापासून करावी. हंगामात तिथे जा, रस मागून घ्या आणि तासभर फक्त माणसांचे हात पाहा. चरकात ऊस घालणारा हात फिरत्या लाटांच्या किती जवळ जातो? मोटारीच्या पट्ट्यावर जाळी आहे का? खांद्यावरचा टॉवेल, साडीचा पदर, सदऱ्याची सैल बाही यांपैकी काय पट्ट्याच्या बाजूला लोंबते आहे? आणि हात सापडलाच, तर मोटार बंद करायचे बटण त्याच माणसाच्या हाताशी आहे की खोपटाच्या पलीकडच्या भिंतीवर? मग चुलवाणाकडे वळा. काहिलीतला पाक उतरायच्या वेळी ११५ अंशांच्या वर गेलेला असतो. उकळते पाणी अंगावरून ओघळून जाते, पाक मात्र कातडीला चिकटून राहतो आणि भाजतच राहतो. तो वाफ्यात ओतण्याचा क्षण सर्वांत घाईचा असतो, कारण गुळव्याने आवाज दिला की थांबायला सवड नसते. पायाखालची जमीन मळी आणि रसाने नेमकी तेव्हाच निसरडी झालेली असते.

धोका हायड्रोसमध्येही आहे. गुळाला पिवळा रंग यावा म्हणून काही ठिकाणी ही पूड वापरतात आणि खाणाऱ्याच्या पोटात काय जाते यावर कोल्हापूर जिल्ह्यात भरपूर बोलले जाते. ओल लागली की ही पूड तापते आणि तिच्यातून गंधकाचा तिखट वायू सुटतो. वाफाळत्या काहिलीवर वाकून ती टाकणारा माणूस तो वायू सर्वांच्या आधी छातीत घेतो. त्याच्याविषयी कोणी बोलल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.

एवढे पाहिल्यावर उपायांचा क्रम आपोआप कळू लागतो. धोका मुळातून काढता आला तर उत्तम. नाही तर निरुपद्रवी पर्याय आणावा. तेही जमत नसेल तर माणूस आणि धोका यांच्यामध्ये काही आडवे घालावे : पट्ट्याला जाळी, चरकाला हाताच्या लांबीपेक्षा लांब घसरण. त्यानंतर कामाच्या पद्धतीत बदल, पाळ्या, शिकवणी. हातमोजे आणि मास्क सर्वांत शेवटी. प्रत्यक्षात आपल्याकडे नेमके उलट घडते. खरेदी मोज्यांपासून होते आणि बहुधा तिथेच संपते. शिवाय फिरत्या लाटांजवळ मोजे घातलेला हात उघड्या हातापेक्षा लवकर ओढला जातो, हे मोजे वाटणाऱ्याच्या ध्यानातही नसते.

अपघात निदान दिसतो. खरी कसोटी सावकाश येणाऱ्या आजारांची. साखर कारखान्याच्या आवारात साठवलेला ओलसर बगॅस (उसाचा चोथा) आतून तापतो, त्यात उष्णता सोसणारे सूक्ष्म जीव वाढतात आणि जुनी रास उपसताना त्यांची धूळ फुफ्फुसात जाते. काही तासांनी ताप, खोकला, धाप. या आजाराला बगॅसोसिस म्हणतात. अमेरिकेतील लुइझियाना या ऊसपट्ट्यातून १९४१ साली त्याची नोंद प्रसिद्ध झाली आणि आपल्या १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यातील व्यवसायजन्य रोगांच्या यादीतही तो होता. पण तालुक्याच्या दवाखान्यात तो न्यूमोनिया म्हणून सहज खपून जाईल. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि रोग्याला विचारायच्या प्रश्नांत एकाची भर घातली : तुझा धंदा कोणता? तीन शतकांनंतरही हा प्रश्न केसपेपरवर क्वचितच सापडतो. वाचकांत कोणी डॉक्टर असतील तर त्यांना हे आग्रहाने सांगायचे आहे.

कायद्याच्या बाबतीत मराठी वाचकाला थोडा अभिमान वाटावा असे बरेच आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून ज्या मागण्या मांडल्या, त्यांत आठवड्याच्या सुट्टीबरोबर कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण मजुरी मिळावी ही मागणीही होती. भरपाईचा कायदा त्यानंतर ३९ वर्षांनी आला. १९४८ च्या कारखाना कायद्यातले ३६ वे कलम मुद्दाम वाचावे. विषारी वायूची शक्यता असलेल्या टाकीत शिरायचे तर ती वायुमुक्त असल्याचा जाणकाराचा लेखी दाखला लागे. नाही तर श्वसनाचे साधन आणि कमरेला पट्टा लागे, आणि त्या पट्ट्याच्या दोराचे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असावे लागे. आत पडलेल्याला काढायला तसाच उतरलेला दुसरा माणूस दगावतो, हा अनुभव या कलमामागे आहे.

मात्र कायदा माणसे मोजून लागू होतो. १९४८ च्या कायद्यात वीज वापरणाऱ्या ठिकाणी १० कामगार असले की कारखाना होत असे. त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या कामगार-सुरक्षा संहितेत ही संख्या २० झाली. दहा-पंधरा माणसांचे गुऱ्हाळ या व्याख्येबाहेर राहते. चरकाच्या लाटा मात्र तेवढ्याच जवळ फिरत असतात. म्हणून कायद्याचा भाग आधी वाचू नये असे मी सुचवतो. आधी कामाची जागा पाहावी, मग कायदा तिथवर पोहोचतो का ते तपासावे.

सीमाभागातल्या वाचकांना आणखी एक काम सांगावेसे वाटते. सूचना बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेतही लावाव्यात असे १९४८ चा कारखाना कायदा सांगत असे. इथे चुलीपाशी मराठी चालते, गाडीवर कन्नड, आणि दूरवरून आलेल्यांची हिंदी. मग उरलेल्या अल्पसंख्यांचे काय? फलक पाहताना हे आठवा.

आणि माणसांशी बोलताना अपघाताबद्दल एकदम विचारू नका. मालक सावध होतो, कामगार गप्प. ‘यंदा थोडक्यात काय निभावलं?’ असे विचारा. घसरलेला पाय, पट्ट्यात जाऊन फाटलेला टॉवेल, वेळेवर कोणीतरी ओढलेला खटका यांच्या गोष्टी लोक हसत हसत सांगतात. त्या दिवस, वेळ आणि जागेसह वहीत उतरवा. एका हंगामाच्या अशा नोंदी जमल्या की जाळी पहिल्यांदा कुठे बसवायची हे मालकाला त्या वहीतून दाखवता येते.