बर्फावरचा गॉगल : निवड आणि वाफेपासून बचाव

दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत डिंडोली, उधना, लिंबायत भागांतली आपली अनेक कुटुंबे कुलू-मनालीची सहल काढतात. काही जण काश्मीरात गुलमर्गला जातात. अलीकडे तरुण मुले तिथे स्की किंवा स्नोबोर्ड शिकण्याचाही हट्ट धरतात. स्वेटर, मोजे, कानटोपी यांची तयारी घरोघरी नीट होते, गॉगलचा विचार मात्र शेवटी होतो. म्हणून सभासदांसाठी ही माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

गॉगल कशासाठी?

सुरत जवळजवळ समुद्रसपाटीलाच आहे. रोहतांग खिंड ३,९७८ मीटर उंचीवर आहे. दर हजार मीटर उंचीला सूर्याची अतिनील किरणे साधारण १० टक्क्यांनी वाढतात. शिवाय ताजा बर्फ यातली ८० टक्क्यांपर्यंत किरणे परत फेकतो, म्हणजे ऊन वरून लागते तसे खालूनही लागते. टोपीची झडप त्याला अडवू शकत नाही. ढगाळ दिवशीही ही किरणे बरीचशी खाली येतात.

या किरणांनी बुबुळाचा वरचा पापुद्रा भाजतो. याला हिमांधत्व म्हणतात. त्रास लगेच जाणवत नाही, साधारण सहा ते बारा तासांनी सुरू होतो. दिवसभर बर्फात खेळलेले मूल रात्री हॉटेलात डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटते म्हणून रडू लागते, ते यामुळे.

निवडताना काय पाहावे?

*अतिनील संरक्षण.* गॉगलवर ‘यूव्ही ४००’ किंवा शंभर टक्के यूव्ही संरक्षण असे लिहिलेले असावे. काच काळी आहे म्हणून ती किरणे अडवते असे नाही. संरक्षण नसलेल्या काळ्या काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि किरणे उलट जास्त आत जातात. लहान मुलांसाठी रस्त्यावरचा खेळण्यातला गॉगल घेऊ नये.

*काचेचा गडदपणा.* चांगल्या गॉगलवर ० ते ४ असा क्रमांक असतो. क्रमांक ३ ची काच ८ ते १८ टक्के प्रकाश आत सोडते आणि उन्हाच्या दिवसाला योग्य असते. क्रमांक ४ फार गडद असते, ती उंच हिमनदीवर उपयोगी पडते, पण घालून गाडी चालवू नये. ढग किंवा हिमवृष्टी असेल तर पिवळी, गुलाबी किंवा नारिंगी झाक असलेली क्रमांक १ किंवा २ ची काच बरी. तिच्यातून बर्फाचे चढउतार ओळखू येतात.

*दुहेरी काच.* स्की-स्नोबोर्डसाठी हीच घ्यावी. दोन काचांमध्ये हवेचा थर असल्याने आतली काच फार गार पडत नाही.

*बसण्याची पद्धत.* स्पंज कपाळाला व गालांना सगळीकडून टेकला पाहिजे आणि नाक दबता कामा नये. हेल्मेट घालणार असाल तर दोन्ही एकत्र घालून पाहावे. नंबरचा चष्मा असलेल्यांनी चष्म्यावरून घालता येणारा खोल गॉगल मागावा.

मनालीहून सोलंगकडे जाताना रस्त्यालगतच्या दुकानांत बर्फाचे कपडे, बूट आणि गॉगल भाड्याने मिळतात. भाड्याचा गॉगल उजेडाकडे धरून ओरखडे पाहावेत, पट्टा ताणून पाहावा. स्पंज फाटका किंवा ओला असेल तर बदलून मागावा, आणि घालण्यापूर्वी स्वच्छ पुसून घ्यावा.

वाफ का धरते?

पावसाळ्यात एसीच्या गाडीतून उतरताच चष्मा पांढरा होतो, हे सुरतकरांना नवीन नाही. दमट हवा गार काचेला लागली की पाण्याचे बारीक थेंब जमतात. बर्फात दमट हवा आपल्याच घामाची आणि श्वासाची असते. डाइंग मिलमध्ये संरक्षक गॉगल वापरणाऱ्यांनाही हा अनुभव असेल. काच धूसर झाली की माणूस गॉगल कपाळावर चढवतो आणि डोळे उघडे पडतात. म्हणून वाफ रोखणे हा डोळे वाचवण्याचाच भाग आहे.

वाफ धरू नये म्हणून

• मफलर किंवा मास्क गॉगलच्या खाली ठेवावा. त्याची कड आत गेली की श्वास थेट काचेवर जातो.
• गॉगलच्या वरच्या-खालच्या हवेच्या फटी कानटोपीने झाकू नयेत.
• गॉगल कपाळावर चढवू नये. तिथला घाम आणि उष्णता लगेच काचेला लागते.
• फार जाड कपडे घालून घाम आणू नये. चढ चढताना चेन थोडी उघडावी.
• स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले असतात, त्यामुळे शिकताना पडणे फार होते. पडल्यावर फटींतला बर्फ आधी झटकावा.
• आतली काच ओली असताना घासू नये, वाफ रोखणारा लेप निघून जातो. मऊ कापडाने फक्त टिपून घ्यावे.
• रात्री गॉगल खोलीच्या हवेत उघडा सुकवावा. हीटरवर ठेवू नये आणि ओला पिशवीत भरू नये.
• आतल्या नंबरच्या चष्म्यालाही वाफ धरते. निघण्यापूर्वी त्याला चष्म्यासाठी मिळणारा वाफरोधक द्राव लावावा.

डोळे भाजलेच तर

डोळे चोळू नयेत. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर काढाव्यात. अंधाऱ्या खोलीत विश्रांती घ्यावी आणि मिटलेल्या डोळ्यांवर गार ओले कापड ठेवावे. गुलाबपाणी, मध असे घरगुती उपाय किंवा मनाने आणलेले थेंब घालू नयेत. बहुधा एक ते तीन दिवसांत आराम पडतो. वेदना फार असतील, अंधुक दिसत असेल, दुसऱ्या दिवशीही उतार नसेल किंवा रुग्ण लहान मूल असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

सहलीच्या यादीत माणशी एक गॉगल लिहावा, आजी-आजोबांसाठीही. स्की न करता नुसते बर्फावर उभे राहणाऱ्यांच्या डोळ्यांनाही तेवढेच ऊन लागते. त्यांना डोळ्यांच्या बाजू झाकणारा यूव्ही ४०० चा साधा गॉगलही चालतो.