गायरानाकडं केलेलं बोट

१९७८ च्या सुगीतली गोष्ट. दहावी होऊन मी शेतीला लागलो होतो. एका रात्री खळ्यावरून जोंधळ्याची दोन पोती गेली. सकाळी हवालदार आले. "कुणावर संशय?" मी लगेच गायरानाकडं बोट केलं. तिथं पारध्यांची तीन पालं होती. त्यातला म्हातारा आमच्याच रानाची राखण करायचा. "धाकलं मालक, म्या न्हाई ओ," एवढंच तो म्हणत राहिला. चार दिवसांनी सोडला, तेव्हा त्याला धड बसताही येत नव्हतं.

मी कुठं काय बघितलं होतं? पण 'चोरी त्यांच्या रक्तातच' हे लहानपणापासून ऐकलेलं.

पुढं वाचनाचा नाद लागला, तेव्हा कळलं की ही समजूत कायद्यातही होती. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सुताराचं पोर सुतार, तसं चोराचं पोर चोर, असा त्यांचा हिशेब. १९११ साली तो साऱ्या इलाख्यांना लागू करता येईल असा केला. जमातीवर शिक्का बसला की बोटांचे ठसे, पोलिसांकडं हजेरी, परवान्याशिवाय हलायचं नाही. लेकरंही आईबापांपासून काढून घेता येत. आपल्या सोलापुरात तर तारेच्या कुंपणातली वसाहतच होती. तिथली माणसं गिरणीत कामाला जायची. काम मिळालं की करत होती, मग रक्त कुठं गेलं?

पारध्याचं पोट फाश्यावर, तितर-सशावर. जंगल सरकारनं घेतलं, १९७२ च्या कायद्यानं शिकारही गुन्हा ठरली. जमीन तर नव्हतीच. अशा माणसानं खायचं काय, हे कुणी विचारलं नाही.

३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा उठला. माझ्या तोंडी मात्र १९७८ लाही चालूच होता.

दोन वर्षांनी वाटणीच्या भांडणात माझा सख्खा चुलतभाऊ रागाच्या भरात बोलून गेला. पोती त्यानंच नेली होती. बाजारात विकून पैसे जुगारात घातले होते. वडील म्हणाले, "घरातलं घरात ठेवा. पोरगं संगतीनं बिघडलं." सगळ्यांना पटलं. त्याचा आणि माझा आजा एकच, पण आमच्या रक्ताचं नाव कुणी काढलं नाही. आपल्याला संगत आणि त्यांना रक्त, असा आमचा न्याय.

दुसऱ्या दिवशी मी गायरानात गेलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो. पालं कधीच उठली होती. चुलीचे तीन दगड तेवढे होते.

आजही गावात चोरी झाली की कुणीतरी गायरानाकडं बघतं. मी त्याला ही गोष्ट सांगतो. चुलतभावाला राग येतो, पण सांगतो.