अवयवदान : नातेवाइकांची संमती (नाशिक)

मेंदूमृत रुग्णाचे अवयव घेण्यापूर्वी रुग्णालयाने त्याच्या घरच्यांशी करावयाची बोलणी. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांचे मंडळ किमान ६ तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते. २०११ च्या दुरुस्तीने नातेवाइकांना विचारणे बंधनकारक झाले. नाशिक पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीकडे येते.

विचारावे कोणी, यावर बरीच चर्चा होते. त्याहून महत्त्वाचे आहे ते केव्हा विचारावे. व्हेंटिलेटरवर छाती हलत असते, हात उबदार लागतो. अशा माणसाला मृत म्हणून डॉक्टरांनी त्याच दमात मूत्रपिंडांचा विषय काढला, तर संशय येणारच. कायद्याचाही त्याला हातभार आहे : मेंदूमृत्यूची तरतूद प्रत्यारोपणाच्या कायद्यात आहे, मृत्युनोंदणीच्या कायद्यात नाही. म्हणून बातमी आधी, विनंती नंतर. दोन तपासण्यांमधले तास त्यासाठी आयतेच मिळतात. तपासणीचाच भाग असलेल्या अ‍ॅप्निया चाचणीत व्हेंटिलेटर काढून, नळीतून प्राणवायू चालू ठेवून, छाती आपणहून हलते का हे काही मिनिटे पाहतात. घरच्यांपैकी एखाद्याची तयारी असेल, तर त्याला ते पाहू द्यावे. लांबलचक समजावणीपेक्षा त्याने अधिक उलगडते. थांबण्यात रक्तदाब घसरून अवयव हातचे जातात, हा आक्षेप खरा आहे. पण त्यावर उपाय अतिदक्षता विभागातली देखभाल. घाईने मिळालेला नकार सहसा फिरत नाही.

प्रत्यारोपण समन्वयक सोबत असला की होकार वाढतो, हे मात्र गृहीत धरू नये. २००९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या, २०१ कुटुंबांच्या चाचणीत डॉक्टरांनी समन्वयकासह विचारले तेव्हा ५७ टक्के होकार आले, नेहमीच्या पद्धतीने ६२ टक्के. आपल्याकडे समन्वयकाचे काम वेगळेच आहे. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या अपघातातला रुग्ण असेल, तर पोलिसांचे ना-हरकत पत्र, शवविच्छेदन, अंत्यसंस्काराची वेळ हे सगळे त्यालाच जुळवावे लागते. शिवाय संमतीची सही जवळच्या आप्ताची. चुलते-मामा कायद्याच्या यादीत नाहीत, पण घरात शब्द अनेकदा त्यांचाच चालतो. त्यांना बाहेर व्हरांड्यात ठेवून केलेली बैठक वाया जाते.

नेत्रदान : मेंदूमृत्यूची अट नाही, हृदय थांबल्यावर साधारण ६ तासांच्या आत.