तात्कालिक गती

केनवडहून वाशीम फार दूर नाही. त्या वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. भास्कराचार्यांनी ११८३ च्या सुमारास 'करणकुतूहल' रचले. त्यात लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र या मध्यरेषेवरील स्थळांच्या मालिकेत वत्सगुल्माचेही नाव आहे. आजच्या मोजणीने वाशीम उज्जैनच्या पूर्वेस सव्वा अंशाहून किंचित अधिक भरते. पण आकाश मोजणाऱ्यांच्या हिशेबात आपला मुलूख होता, एवढे खरे. त्या हिशेबातील एका युक्तीविषयी आज बोलावयाचे आहे.

ती आमच्या ध्यानी आली ती पोथीतून नव्हे. आमचे शिक्षण बेताचे. गणित शिकलो ते हजेरीपटावर. एका जिनिंग कारखान्यात पाळी संपता संपता एका कामगाराची बोटे यंत्रात गेली. मालक म्हणाले, "आठ तासांत ३२० किलो रुई निघाली. तासाला ४० पडली. नेहमीचाच वेग, चूक कामगाराची." आम्ही तोलाईची वही मागितली. सातव्या तासाअखेर बेरीज २६४ होती आणि आठव्याअखेर ३२०. म्हणजे शेवटच्या तासात ५६! सरासरी खोटी नव्हती. पण बोटे गेली त्या वेळेविषयी ती काहीच सांगत नव्हती. वही पाहिल्यावर कामगारावरील ठपका निघाला आणि भरपाई मिळाली. बोटे मात्र गेली ती गेलीच.

पुढे पुस्तके चाळताना दिसले की, आम्ही केलेली वजाबाकी दीड हजार वर्षांची जुनी आहे. आर्यभटाने ४९९ मध्ये ज्यांचे कोष्टक दिले, ते ज्यांचे नव्हे, त्यांच्या फरकांचे. त्रिज्या ३४३८ कला धरून दर पावणेचार अंशांना, म्हणजे २२५ कलांना, ज्या किती वाढते ते त्याने सांगितले: २२५, २२४, २२२, २१९ असे उतरत उतरत शेवटी ७. पहिल्या आठ फरकांची बेरीज १७१९ येते. ती ३० अंशांची ज्या, त्रिज्येच्या बरोबर निम्मी.

आता प्रश्न असा, की नेमक्या ३० अंशांवर ज्या कोणत्या वेगाने वाढते? मागचा फरक, म्हणजे गतखंड, १९९. पुढचा, म्हणजे भोग्यखंड, १९१. एक जास्त, दुसरा कमी. दोहोंची सरासरी १९५. ब्रह्मगुप्ताने ६६५ च्या 'खंडखाद्यका'त कोष्टकातील मधल्या किमती काढताना हीच सरासरी घेतली आणि दोन खंडांच्या फरकाने तीत आणखी दुरुस्ती केली.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'सिद्धान्तशिरोमणी'त पुढचे पाऊल टाकले. आजचा ग्रह उद्याच्या ग्रहातून वजा केला की दिवसाची गती मिळते; पण ती स्थूल. चंद्राची मध्यम गती दिवसाला सुमारे १३ अंश १० कला असली, तरी तो कधी १२ अंशांच्या आसपास चालतो, कधी १५ च्या जवळ जातो. तिथी केव्हा संपते हे सांगावयाचे तर त्या वेळची, तात्कालिक, गती पाहिजे. त्यासाठी त्यांनी त्रैराशिक मांडले: कोटिज्या त्रिज्येइतकी असता फरक २२५, तर इष्ट कोटिज्येस किती? ३० अंशांची कोटिज्या २९७८. तिला २२५ ने गुणून ३४३८ ने भागा, १९४.९ येतात. ब्रह्मगुप्ताच्या सरासरीने १९५ दिले होते!

हे श्रेय एकट्या भास्कराचार्यांचे नाही. ९३२ च्या सुमारास मंजुलाने गतीसाठी कोटिज्येचा उपयोग केला होता. नागपुरास शिकलेले आणि काशीस अध्यापन केलेले बापूदेव शास्त्री यांनी १८५८ मध्ये लिहिले, की भास्कराचार्यांस चलनकलन ठाऊक होते. १८६० मध्ये स्पॉटिसवुड या इंग्रज गणितज्ञाने हरकत घेतली: साम्य मोठे आहे, पण अतिसूक्ष्म अंतराची कल्पना तेथे स्पष्ट नाही. आम्हांस ही हरकत रास्त वाटते. कोणत्याही राशीला लागू पडणारे शास्त्र सतराव्या शतकात न्यूटन आणि लायब्निझ यांनी उभे केले. अभिमानासाठी वही फुगविणे आणि नफ्यासाठी फुगविणे, दोन्ही आम्हांस सारखीच.

एक सावधगिरी सांगितली पाहिजे. अंतर लहान घ्यावे तो वेग खरा होत जातो. पण नोंद जाडी असेल तर फार लहान अंतर फसविते. काटा किलोखाली दाखवीत नसेल आणि आम्ही मिनिटामिनिटाचा फरक काढू लागलो, तर वेग कमी आणि काट्याची चूकच अधिक मोजली जाईल. अपघाताच्या पुढे नोंद नसते. तेथे मागच्या फरकावरच भागवावे लागते. आमच्या ५६ मध्येही ही उणीव होतीच. शेवटच्या मिनिटांत यंत्र त्याहूनही जोरात असेल.

चाळीसगावजवळच्या पाटण येथे १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तेथे मठ स्थापिला. मठ गेला, वजाबाकी राहिली आहे. धरणाचे पाणी असो, विजेचे मीटर असो, की मजुरीचा दर, कोणी सरासरी पुढे केली की त्या दिवसाची वही मागावी आणि दोन ओळींची वजाबाकी स्वतः करून पाहावी.