मार्टिन रिंकार्टची उपकारस्तुती



वसंत व्याख्यानमालेत वक्त्याने प्रारंभी वसंताविषयी चार गोड शब्द बोलावेत अशी रीत आहे. आम्ही आज ज्या वसंताविषयी बोलणार आहोत, तो मात्र गोड नाही. जर्मनीच्या साक्सनी प्रांतात, लाइपझिग शहराच्या ईशान्येस मुल्डे नदीच्या काठी आयलेनबुर्ग नावाचे एक लहान गाव आहे. त्या गावचा इसवी सन १६३७ चा तो वसंत होय. झाडांना पालवी फुटत होती आणि माणसे मरत होती. त्या गावी मार्टिन रिंकार्ट नावाचा एक ख्रिस्ती पाळक होता. त्याने रचलेले उपकारस्तुतीचे गीत पावणेचारशे वर्षे झाली तरी ख्रिस्ती जगात गाइले जाते. इतक्या दुःखात असलेल्या माणसाच्या तोंडी आभाराचे शब्द आले कोठून, हा आजचा प्रश्न आहे.

कामगार संघटनेच्या माणसाने कृतज्ञतेवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. आम्ही मागणीपत्रे लिहिणारी माणसे. आभारप्रदर्शन आमच्याकडे सभेच्या शेवटी, आणि तेही दोन वाक्यांत. शिवाय या शब्दाकडे आम्ही जरा संशयानेच पाहतो, आणि त्याला कारण आहे. बोनसची बोलणी करायला गेलो की टेबलाच्या पलीकडून ऐकू येते, 'तुमची चूल आमच्यामुळे पेटते, याची काही जाणीव ठेवा.' ज्याचे देणे लागतो त्याच्याकडूनच आभार वसूल करण्याची ही युक्ती फार जुनी आहे. तेव्हा दुःखी माणसाने देवाचे आभार मानणे म्हणजे असाच लाचारीचा एक प्रकार तर नव्हे, हे तपासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटले. रिंकार्टचे चरित्र ही त्याची चांगली कसोटी आहे.

रिंकार्टचा जन्म २३ एप्रिल १५८६ रोजी आयलेनबुर्ग येथेच झाला. बाप लाकडी पिंपे बनवणारा कारागीर. मुलगा हुशार आणि गळ्याने गोड, म्हणून लाइपझिगच्या प्रसिद्ध सेंट टॉमस शाळेत गेला आणि पुढे धर्मशास्त्र शिकला. काही वर्षे आइसलेबेन येथे शिक्षक व संगीताचा जाणकार म्हणून त्याने काम केले, मग खेड्यात पाळक झाला, आणि १६१७ साली जन्मगावी आर्चडीकन, म्हणजे दुसऱ्या पायरीचा धर्माधिकारी, म्हणून परत आला. त्याने गीते लिहिली, नाटकेही लिहिली. शांततेचा काळ असता तर एक रसिक पाळक म्हणून तो सुखाने जगला असता. पण तो परतल्यावर दुसऱ्याच वर्षी, १६१८ मध्ये, तीस वर्षांचे युद्ध सुरू झाले.

या युद्धाचा प्रारंभ धर्माच्या भांडणातून झाला. पुढे ते राजांच्या सत्तेचे आणि फौजांच्या पोटाचे युद्ध झाले. त्या काळी फौजा स्वतःचा दाणागोटा फारसा बाळगीत नसत. ज्या मुलखातून जात त्या मुलखावर जगत. त्यामुळे ऋतूंचा अर्थच उलटा झाला. वसंतात घोड्यांना गवत मिळू लागले की फौजा हलत. म्हणजे शेतकऱ्याला पालवीबरोबर धुळीचे लोट दिसत. सुगीत पीक हाती येई ते दुसऱ्याच्या. हिवाळ्यात लढाई थांबे, पण मग शिपाई गावात मुक्कामाला येत आणि घरोघर वाटून दिले जात. ज्याच्या घरी ते उतरत त्याने त्यांना पोसायचे. शेवटी बियाण्याचा दाणाही खाल्ला गेला की पुढच्या वर्षीचा दुष्काळ आदल्या वर्षीच ठरून जाई. रिंकार्टच्याही घरी शिपाई ठेवले गेले आणि त्याचे धान्य लुटले गेले.

साक्सनी तर या युद्धाची वहिवाटच बनली. लाइपझिगजवळ ब्राइटनफेल्डची लढाई १६३१ साली झाली. जवळच ल्यूत्सेन येथे १६३२ साली स्वीडनचा राजा गुस्ताव अडॉल्फ पडला. साक्सनीचा इलेक्टर आधी स्वीडनच्या बाजूस होता. १६३५ साली त्याने सम्राटाशी तह केला. झाले, कालचे मित्र स्वीडिश आता वैरी झाले. ध्यानात घ्या, दोघेही लूथरपंथीच होते. पण पोटाला आणि सत्तेला पंथ नसतो. १६३७ च्या आरंभी स्वीडिश सेनापती बानेर याची फौज आयलेनबुर्गपासून फार दूर नसलेल्या टॉरगाऊ येथे ठाण मांडून बसली होती. आसपासच्या खेड्यांतले लोक जीव घेऊन पळाले आणि तटबंदी असलेल्या आयलेनबुर्गात शिरले. गाव लहान, माणसे अपरंपार, अन्न थोडे. अशा जागी जे व्हायचे ते झाले. मरी आली.

त्या एका वर्षात, बाहेरून आलेल्यांसह, सुमारे ८,००० माणसे दगावली असे सांगतात. गावचा मुख्य धर्माधिकारी हवापालटासाठी निघून गेला. दोन पाळक मरण पावले. त्यांना मूठमाती रिंकार्टनेच दिली. मग साऱ्या गावाला तो एकटाच उरला. दिवसाला चाळीस-चाळीस, पन्नास-पन्नास प्रेतांवर तो प्रार्थना म्हणत असे. त्याने एकूण ४,००० हून अधिक लोकांचे अंत्यविधी केले. पुढे पुढे तर प्रेते चरांत एकत्र पुरावी लागली आणि प्रार्थनेलाही वेळ उरला नाही. २०२०-२१ च्या साथीत आपल्या माणसाचे तोंडही न पाहता त्याला निरोप देणारी घरे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत. त्यांना या गोष्टीचा अर्थ वेगळा सांगायला नको. मे महिन्यात रिंकार्टची पत्नी क्रिस्टीना गेली. तिलाही त्याने पुरले आणि दुसऱ्या दिवशी इतरांना पुरण्यास तो पुन्हा उभा राहिला.

मरीमागोमाग दुष्काळ आला. मेलेल्या मांजरासाठी किंवा कावळ्यासाठी रस्त्यात तीस-चाळीस माणसे झोंबाझोंबी करीत. नगराध्यक्ष, आणखी एक नागरिक आणि रिंकार्ट अशा तिघांनी मिळून जमेल तशी मदत उभारली. घरच्यांपुरते कसेबसे ठेवून त्याने बाकीचे सारे वाटून टाकले. पुढच्या काही वर्षांचे उत्पन्न त्याने गहाण ठेवले. त्याच्या दाराशी भुकेल्यांची गर्दी हटत नसे. १६३९ साली स्वीडिश फौज पुन्हा आली आणि तिने गावाकडे ३०,००० थालरची खंडणी मागितली. रिंकार्ट रदबदलीला गेला. अधिकाऱ्याने ऐकले नाही. तेव्हा त्याने बरोबरच्या गावकऱ्यांना तेथेच प्रार्थनेस बसवले, सर्वांनी गुडघे टेकून गीत म्हटले, आणि अखेर मागणी २,००० फ्लोरिनांवर आली, अशी हकीकत आहे. आम्ही आयुष्यभर वाटाघाटी केल्या आहेत. ३०,००० वरून २,००० वर येणे म्हणजे काय, ते आम्हांला कळते.

काळाचा अंदाज यावा म्हणून एक आठवण देतो. आयलेनबुर्ग असे होरपळत होते त्याच दशकाच्या आरंभी, १६३० च्या सुमारास, आपल्या दख्खनेतही भयंकर दुष्काळ पडला होता, आणि देहूच्या तुकोबांची पहिली पत्नी त्यात अन्नावाचून गेली. दोघांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती. पण पृथ्वीच्या दोन टोकांना एकाच वेळी दोन माणसे रिकाम्या चुलीसमोर बसून देवाला शब्द घालीत होती, एवढे मात्र खरे.

आता त्या गीताकडे येऊ. 'नून डांकेट' या जर्मन शब्दांनी ते ओळखले जाते. त्याची पहिली दोन कडवी सिराख नावाच्या प्राचीन ज्ञानग्रंथाच्या ५० व्या अध्यायावर आधारलेली आहेत. तिसरे त्रैक्याच्या स्तुतीचे आहे. या गीताबद्दल दोन आख्यायिका आहेत. एक अशी की, १६४८ साली तह होऊन युद्ध संपले तेव्हा आनंदाने त्याने ते लिहिले. ही टिकत नाही. कारण योहान क्र्यूगर या संगीतकाराने चाल लावलेले हे गीत १६४७ च्या सुमारासच छापून निघाले होते. दुसरी अधिक हृद्य आहे. ती म्हणते, मरीच्या ऐन तडाख्यात, पत्नीला पुरून आल्यावर त्याने ते लिहिले. ऐकताना अंगावर काटा येतो. परंतु अभ्यासकांचा कल असा आहे की गीत त्याआधीचे, १६३० ते १६३६ च्या दरम्यानचे असावे. आणि रिंकार्टच्या गीतसंग्रहात त्याला जे शीर्षक आहे, त्याचा साधा अर्थ 'जेवणाच्या वेळची छोटी प्रार्थना' असा होतो.

म्हणजे हे विजयगीत नव्हे आणि शोकगीतही नव्हे. घरात मुलाबाळांनी ताटावर बसून म्हणावयाचे चार शब्द आहेत ते. लूथरने १५२९ साली आपल्या लहान प्रश्नोत्तरग्रंथात जेवणाआधीची आणि जेवणानंतरची प्रार्थना घालून दिली होती; तीच ही रीत. आख्यायिका गेली म्हणून गोष्टीचे मोल कमी झाले असे कोणास वाटेल. आम्हांला ते वाढलेले दिसते. दुःखाच्या भरात एखादा महाकवी मोठे शब्द बोलून जाईल, पण ते त्याचे; तुमच्या-आमच्या काय उपयोगाचे? येथे मात्र एक माणूस ताटात काही असताना रोज आभार मानीत होता. ताट रिकामे झाले तेव्हाही ती सवय सुटली नाही. आधी मुरलेले शब्दच मरीच्या वर्षी त्याच्या उपयोगी पडले असणार. नवे शब्द शोधण्यास त्याला सवड कोठे होती?

आमच्या धंद्यातला दाखला देतो. संपाचा निधी संपात जमत नाही. पगार होतो त्या महिन्यात पाच-दहा रुपये वर्गणी भरावी लागते, आणि तेव्हा ती निरर्थक वाटते. संप सुरू झाला की त्याच पैशावर चूल पेटते. कृतज्ञतेचे असेच आहे. ती बऱ्या दिवसांत साठवायची आणि वाईट दिवसांत खर्चायची पुंजी आहे.

ख्रिस्ती श्रद्धेच्या मुळाशीही हीच गोष्ट आहे. पकडला जाण्याच्या रात्री येशू शिष्यांबरोबर जेवायला बसला, भाकर घेतली, आभार मानले आणि मग ती मोडून वाटली, असे शुभवर्तमान सांगते. दुसऱ्या दिवशी क्रूस आहे हे ठाऊक असून आधी आभार, आणि आभारापाठोपाठ वाटप. त्या विधीला ग्रीक भाषेतून आलेले युखारिस्त हे जे नाव आहे, त्याचा अर्थच उपकारस्तुती. क्रूस चांगला आहे असे तेथे कोणी म्हणत नाही. रिंकार्टनेही मरीबद्दल आभार मानले नाहीत, स्वीडिशांबद्दल तर नाहीतच. त्यांच्याशी तो दोन हात पसरून भांडला. आभार भाकरीचे होते, आणि ज्याने भाकरीचे आभार मानले त्याला ती एकट्याने खाता आली नाही. खरी कृतज्ञता आणि वसूल केलेली कृतज्ञता यांतला भेद आम्हांस येथे सापडतो. वसूल केलेली कृतज्ञता माणसाची मान खाली घालते. खरी कृतज्ञता त्याचा हात सैल करते.

गंमत पाहा, या माणसाला स्वतःला मात्र आभार मिळाले नाहीत. साथ सरल्यावर गावच्या अधिकाऱ्यांनी त्याला पैशाअडक्यावरून छळले. युद्ध संपले तेव्हा तो अकाली थकून गेला होता. तह झाल्यावर वर्षभरापेक्षा थोड्या अधिक काळाने, ८ डिसेंबर १६४९ रोजी, तो वारला.

गीत मात्र चालत राहिले, आणि नाना तोंडी गेले. बाखने त्यावर संगीत रचले. मेंडेल्सझोनने १८४० साली लाइपझिगमध्ये ते आपल्या मोठ्या रचनेत गुंफले. १७५७ साली लॉयथेनची लढाई जिंकल्यावर प्रशियाच्या सैनिकांनी ते रणांगणावर म्हटले, आणि तेव्हापासून राजांना ते आवडू लागले. १ ऑगस्ट १९१४ रोजी युद्धाची हाक झाली तेव्हा बर्लिनच्या राजवाड्यासमोर जमलेल्या जमावाने हेच गीत गाइले. जेवणाची प्रार्थना माणसे मारायला निघताना! आणि १९५५ च्या शरदात रशियातून सुटलेले शेवटचे जर्मन युद्धकैदी फ्रीडलांडच्या छावणीत पोचले, तेव्हा त्यांनीही हेच म्हटले. शब्द तेच, पण आम्हांला वाटते, रिंकार्टला यातले शेवटचे गाणे अधिक जवळचे वाटले असते.

आणखी एक गोष्ट सांगून संपवतो, कारण ती आमच्या जिव्हाळ्याची आहे. याच आयलेनबुर्गात १८५० साली कारागीर-कामगारांनी एकत्र येऊन धान्य-किराणा घाऊक घेऊन आपसांत वाटणारी संस्था काढली. जर्मनीतील ग्राहक सहकाराचा आरंभ म्हणून ती सांगितली जाते. शेजारच्या डेलिचचे शुल्त्से त्याच भागात सहकाराचा पाया घालीत होते. रिंकार्टमुळे हे झाले असा आमचा दावा नाही. मध्ये दोनशे वर्षे गेली होती. पण ज्या गावी एकदा पिंपे बनवणाऱ्याच्या मुलाने आपल्या ताटातले वाटून दिले, त्याच गावी पुढे कष्टकऱ्यांनी कोणाच्या उपकाराविना एकमेकांची ताटे भरण्याची व्यवस्था केली, हे इतिहासात लिहिलेले आहे.

ऋतू येतील आणि जातील. सुगी येईल तशी मरीही येईल. बऱ्या दिवसांत ताटाकडे पाहून आभार मानावेत आणि शेजारच्या ताटात काय आहे तेही पाहावे, एवढाच रिंकार्टचा धडा आम्ही घेतला आहे. तो घेण्यासाठी ख्रिस्ती असावे लागत नाही. पण तो एका ख्रिस्ती माणसाने श्रद्धेच्या बळावर जगून दाखवला, हे मात्र मोकळ्या मनाने म्हटले पाहिजे.